उभ्या गाडीला गंज

गेल्या महिन्यात चाकणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. घरची मारुती व्हॅन दोन वर्षे दारात उभी आहे, इंजिन फिरत नाही, चाके हलत नाहीत, भंगारवाला रोज विचारून जातो, द्यावी की ठेवावी? या सदरात आम्ही मुलांचा अभ्यास, परीक्षा, घरातली भाषा यांवर लिहितो. गाडीवर कधी लिहिलेले नाही. पण हाच प्रश्न आमच्या घरात येऊन गेला आहे आणि त्याचे उत्तर आम्हाला दोन ओळींत देता येत नाही.

आमच्या घरातली व्हॅन चाचूंची. म्हणजे आमच्या मुलांचे चाचू. पिंपरीच्या नेहरूनगरातून ते शाळेची मुले न्यायचे, सकाळी एक फेरी आणि दुपारी एक. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. चाचूंनी मागची सीट काढली आणि त्याच व्हॅनमधून वर्षभर भाजी विकली. मग २०२१ चा एप्रिल आला. त्या महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्ये काय चालले होते ते इथल्या कोणत्याही घराला सांगायला नको. एका रात्री अम्मींना त्याच व्हॅनमधून दवाखान्यात नेले. अम्मी परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचूंनी गाडी गल्लीच्या टोकाला गुलमोहराखाली लावली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली अब्बांच्या कपाटात टाकली. त्यानंतर त्या गाडीला कोणी हात लावला नाही. काच चार बोटे उघडी राहिली होती, तीही तशीच राहिली. त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला.

चाचू चाकणच्या एका गोदामात कंत्राटावर लागले. बारा तासांची पाळी, जाण्यायेण्याचे तीन तास वेगळे. सरकारने गाड्यांच्या कागदपत्रांची मुदत वाढवत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली होती, पण इंजिनाला मुदतवाढ कोण देणार?

२०२२ मध्ये शाळा पुन्हा भरू लागल्या आणि जुन्या पालकांचे फोन सुरू झाले. जूनपासून व्हॅन लावणार का? रमजानभर चाचू फोन उचलत राहिले आणि सांगतो, सांगतो म्हणत राहिले. ईद ३ मे रोजी झाली. ईदच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली मागितली. नवी बॅटरी लावून किल्ली फिरवली तर स्टार्टरने ‘टक’ असा एकच आवाज केला. गाडी ढकलायला गेलो तर मागची चाके जमिनीला खिळल्यासारखी. एका गॅरेजवाल्याने येऊन पाहिले आणि इंजिन खोलावे लागेल, पस्तीस हजार म्हणाला. भंगारवाला अठरा हजार द्यायला तयार होता. चाचूंनी हिशेब केला आणि भंगारवाल्याला रविवारी या म्हणून सांगितले.

तोवर अब्बा काही बोलले नव्हते. अम्मी गेल्यापासून ते तसेही फारसे बोलत नसत. अब्बांनी एकतीस वर्षे पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून काम केले. आता हात थरथरतात, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. त्या रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, “इंजिन मेलेले नाही, जाम आहे. मला आठ दिवस द्या.”

इथे थोडे इंजिनाविषयी सांगायला हवे. ही मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की इंजिन समोर. घरच्या घरी हात घालता येईल अशा थोड्या गाड्यांपैकी ही एक. उभ्या गाडीत बिघाड असा होतो : इंजिन बंद पडते तेव्हा कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्यातून ओली हवा आत जाते. आमच्या गाडीत तर उंदरांनी एअर फिल्टरचा पाईपही कुरतडला होता. सिलिंडरची आतली भिंत लोखंडी, पिस्टनवरच्या रिंगा लोखंडी. त्यांच्यामधला तेलाचा पातळ थर महिनोन्‌महिने ओघळून जातो आणि उघड्या लोखंडाला ओल लागते. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे दोन भागांच्या मधल्या फटीत गंज नुसता बसत नाही, तिथे तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा दोघांना धरून ठेवतो. ब्रेकच्या ड्रममध्येही तेच. हँडब्रेक ओढलेला असला की आतले लायनर ड्रमला दाबून धरलेले असतात, आणि एका पावसाळ्यात ते तिथेच चिकटतात.

पहिल्याच दिवशी चाचूंनी घाई केली. मागच्या चाकाचे नट निघेनात म्हणून पान्याच्या दांड्याला चार फुटी पाईप घातला आणि अंगाचा सगळा भार टाकला. ‘कट्ट’ असा आवाज झाला. आम्हाला वाटले सुटला. सुटला नव्हता, स्टड मोडला होता.

अब्बांनी खुर्ची मागवली आणि गाडीशेजारी बसले. मग त्यांनी जे सांगितले ते आमच्या लेकीने वहीत लिहून घेतले. तेव्हा ती दहावीत जाणार होती, सुट्टी होती, करमत नव्हते. ती वही आजही घरात आहे आणि हा मजकूर बराचसा त्यातूनच उतरवलेला आहे.

जाम झालेला नट आधी घट्ट करायचा. केसभर. मग सोडवायचा. घट्ट करताना गंजाचा थर तुटतो आणि तुटलेल्या थराला जागा मिळते. त्याआधी आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे, गंज सोडवणारे तेल टाकायचे आणि पान्याने नव्हे तर हातोडीने नटाच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे. ठोके कशाला? ठोक्याच्या कंपाने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल त्या भेगांतून आत चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. मग रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. सुटायला लागला की चर्र असा कोरडा आवाज येतो, तो चांगला. पण पान्याला जोर दिल्यावर नट रबरासारखा पिळतोय असे हाताला लागले की तिथल्या तिथे थांबायचे, कारण लोखंड सुटण्याऐवजी तुटायला निघालेले असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतो. अब्बांना तो सांगता येईना. शेवटी त्यांनी लेकीच्या हातावर हात ठेवून मोडक्या स्टडच्या शेजारचा नट फिरवायला लावला आणि म्हणाले, “हे बघ, हे पिळणं. आणि आता हे सुटणं.”

तेल कोणते? बाजारात स्प्रेचे डबे मिळतात. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला डब्ल्यूडी-४०. त्याच्या नावातच त्याची गोष्ट आहे. पाणी हटवणारे द्रव्य तयार करण्याचा चाळिसावा प्रयत्न, १९५३ साल, अमेरिकेतले सॅन डिएगो. क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. अब्बांचे मत असे की ते पाणी हटवायला उत्तम, पण जुन्या गंजाला एकदा मारून भागत नाही. त्यांच्या खात्यात रॉकेल वापरत. आता रॉकेल कुठून आणायचे? आम्ही अर्धे डिझेल आणि अर्धे इंजिन ऑइल असे मिश्रण केले. एक गोष्ट मात्र अब्बांनी पहिल्याच दिवशी बजावली होती : बॅटरीची वायर काढा, टाकीतले जुने पेट्रोल बाहेर काढून लांब ठेवा आणि गाडीजवळ काडी पेटवायची नाही. चाचूंना ब्लो लॅम्पने नट तापवायचा होता. अब्बा म्हणाले, खात्यात मीही तापवायचो, पण तिथे शेजारी पेट्रोलची टाकी नसायची.

तिसऱ्या दिवशी नट सुटले. मग ड्रम. इथे हातोडीचा मोह फार होतो, पण ड्रम बिडाचा असतो आणि बीड वाकत नाही, तडकते. मारुतीच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन भोके असतात. बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. एकच बोल्ट आवळत सुटलात तर तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. आधी आत हँडब्रेकची वायर सैल केली. मग लाकडी ठोकळा ठेवून कडेकडेने ठोके दिले. उजवा ड्रम तासाभरात आला. डाव्याला दीड दिवस लागला. आतली काळी धूळ फुंकायची नाही, नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसायची, कारण जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो आणि ते फुप्फुसांना घातक असते. हे आम्ही सांगितले. अब्बांच्या खात्यात हे कोणी सांगितले नव्हते.

मोडलेल्या स्टडसाठी चाचू कुदळवाडीला गेले. चिखलीजवळची ती पत्र्याच्या शेडची दुनिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की जुन्या गाडीचा कुठलाही भाग तिथे हातात मिळायचा. दुकानदार बोल्ट नुसता बोटांत फिरवून आटे सांगायचा. दोन स्टड, एक जुना एअर फिल्टरचा पाईप आणि तीन वापरलेले पण साफ केलेले नट, सगळे मिळून दोनशेच्या आत. वर सल्ला फुकट. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली ती शेड पाडली गेली. आज तो पाईप आम्हाला कुठे मिळाला असता, कोण जाणे. नवा मिळतो, पण जी गाडी आता बनतच नाही तिच्या मालकाला किती दिवस मिळेल? ज्या भगिनीने पत्र लिहिले त्यांनी हाही हिशेब धरावा.

आता प्लग. या सगळ्या कामात अब्बांना भीती होती ती फक्त प्लगची. प्लगचे अंग पोलादी आणि ज्यात तो बसतो ते इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम मऊ. जाम झालेला प्लग ओढून काढला तर आपल्याबरोबर हेडचे आटे खरवडून आणतो. मग हेड उतरवून टॅप मारा, बुश बसवा, म्हणजे पुन्हा पस्तीस हजार. पहिले दोन प्लग तेल टाकून, रात्रभर थांबून, पाव फेरा पुढे आणि थोडा मागे करत निघाले. मागे कशासाठी? सुटलेला कचरा आट्यांत दाटून बसतो. मागे नेले की तो चुरतो, तेल पुन्हा आत जाते. तिसरा प्लग मात्र हलेना. तो खोल कोपऱ्यात होता. चाचूंचा हात तिथे पोचत नव्हता, अब्बांचा पोचला तरी स्थिर राहत नव्हता. लेकीचा हात जात होता.

गल्लीतल्या एका खालांनी तेव्हाच येऊन म्हटले, “पोरीला कुठे पान्याला लावता?” आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे तर तेव्हाच नीट उत्तर द्यायला हवे होते.

तिसऱ्या प्लगला अब्बांनी शेक द्यायला सांगितला. हो, कमरेला देतात तसाच. उकळत्या पाण्यात फडकी बुडवून, चिमट्याने काढून, पिळून हेडभोवती ठेवायची. निवली की बदलायची. अर्धा तास. आम्हाला शाळेतला धडा आठवला आणि आम्ही वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढते, पोलाद १२. प्लगचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे. हेड पन्नास अंशांनी तापले तर भोक प्लगपेक्षा सुमारे ८ मायक्रॉन जास्त मोठे होते. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरली तर केसाचा दहावा भाग. चाचू म्हणाले, “एवढ्याने काय होतंय?” अब्बा म्हणाले, “तेलाला एवढीच वाट पुरते.”

पाचव्यांदा फडकी बदलल्यावर लेकीने पाना लावला. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, “पिळतोय.” अब्बा म्हणाले, “सोड.” पुन्हा तेल, रात्रभर मुक्काम, सकाळी पुन्हा शेक. दुसऱ्या दिवशी दुपारी चर्र आवाज आला.

तीन भोकांतून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने, सुई काढून, तेच डिझेल आणि ऑइल दोन-दोन चमचे आत सोडले आणि भोकांवर फडके टाकले. आता चार दिवस काही करायचे नाही, असे अब्बांनी जाहीर केले.

हेच चार दिवस सगळ्यांत अवघड गेले. चाचूंची सुट्टी संपत आली होती. गोदामातून निरोप आला होता की सोमवारी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ. अकरा पालकांनी होकार दिला होता, पण गाडी दाखवा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचूंनी बॅटरी जोडायला घेतली. स्टार्टरचा एक झटका दिला की सुटेल, मित्राने सांगितलंय. अब्बांनी नको म्हटले. जाम इंजिनाला स्टार्टरने झटके दिले तर स्टार्टर जळतो, फ्लायव्हीलचे दाते जातात. आणि पिस्टन सुटलाच तर चिकटलेली रिंग मोडून सिलिंडरला ओरखडा पाडते. शिवाय प्लग लावलेले असताना आत तेल भरलेले असेल तर तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चाचूंचा आवाज चढला. “तुमच्याकडे वेळ होता अब्बा, कंपनीचा पगार होता. मला जून गाठायचाय.” अब्बा गप्प राहिले. मग चाचूच म्हणाले, “त्या रात्री तरी मी हळू चालवत होतो का? तेव्हाही पोचलो नाही.”

कोणी काही बोलले नाही. अब्बा उठले, थरथरत्या हाताने बॅटरीची वायर काढली आणि चाचूंच्या हातात दिली. जोडायची तर जोड, असे त्यांनी म्हटले नाही. जोडू नकोस असेही म्हटले नाही. चाचूंनी वायर कपाटात ठेवली.

पवित्र कुरआनात लोखंडाच्या नावाची एक सूरह आहे, सत्तावन्नावी, अल-हदीद. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले होते आणि ते आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण मुलांना सांगतो. आम्ही उर्दूच्या तासाला कितीतरी वेळा सांगितले आहे. पण लोखंड मऊ होण्याची वाट पाहत गाडीशेजारी बसलेला माणूस आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर गल्लीतली पाच माणसे आली. प्लग काढलेलेच होते, भोकांवर फडके बांधले, किल्ली बंद. अब्बा स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले. वर्षभरात पहिल्यांदा. त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. लोकांना वाटते पहिला गिअर घालावा, उलट आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकावरून इंजिन फिरवायला कितीतरी पट जोर लागतो, वरच्या गिअरमध्ये कमी. पुढे ढकला, अडले की थांबा, मागे ओढा, अडले की थांबा. झटका नको, झुलवा. पाळणा झुलवतात तसे. दहा मिनिटे गाडी फक्त टायरच्या रबरापुरती हलत राहिली. कोणीतरी म्हणाले, सोडा अब्बाजी. मग लेक ओरडली. तिने मागच्या चाकावर खडूने रेघ मारली होती. रेघ बोटभर सरकली होती.

अब्बांनी तिथेच थांबवले. सगळ्यांना चहा. पुन्हा तेल. शनिवारी रेघ वीतभर सरकली आणि असरच्या आधी चाक पूर्ण फिरले. भोकांवरच्या फडक्यावर तांबडे-तपकिरी पाणी उडाले. गंज आणि तेल. अब्बा सीटवरून उतरले नाहीत. स्टिअरिंगला हात लावून बसून राहिले. चाचू दुसऱ्या बाजूने आत चढले आणि शेजारी बसले. आम्ही लेकीला घेऊन घरात आलो.

पुढचे काम सगळीकडे असते तेच. जुने तेल काढून नवे, नवा फिल्टर, नवे प्लग, टायमिंग बेल्ट, ताजे पेट्रोल. प्लग लावण्याआधी हाताने इंजिन कितीतरी वेळा फिरवून आतले तेल बाहेर काढले. बेल्ट आणि ब्रेक मात्र आम्ही घरी संपवले नाहीत. ज्या गाडीत दुसऱ्याची मुले बसणार तिच्या ब्रेकवर घरातल्या वहीची सही चालत नाही. ओळखीच्या मिस्त्रीकडून नवे लायनर आणि व्हील सिलिंडर बसवून घेतले, फिटनेस करून घेतली. सगळा खर्च साडेनऊ हजार.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना खरे ते सांगायला हवे. आमची गाडी चालू झाली, पण नवी झाली नाही. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमीच राहिले. सकाळी सुरू करताना निळसर धूर सोडते, महिन्याला थोडे तेल पिते. चार दिवस तेल ठेवून आणि आठवडाभर झुलवूनही तुमचे इंजिन हलले नाही, तर हट्ट करू नका. हेड उतरवावेच लागेल, आणि ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. सांगाडा खालून कुजला असेल, पायाखालचा पत्रा बोटाने भोसकला जात असेल, तर इंजिन सुटून उपयोग नाही. आधी तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. आमच्या गाडीचा पत्रा शाबूत होता म्हणून एवढे जमले. नाहीतर आम्हीही अठरा हजार घेतले असते.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूची. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मोटारदुरुस्तीसारख्या स्वतःच्या धंद्यांत मुसलमानांचे प्रमाण मोठे असल्याची नोंद आहे. आपल्यातल्या किती घरांची रोजी पान्यावर चालते हे सांगायला अहवालही नको. तरी आपणच त्या पान्याला कमी लेखतो, मुलीच्या हातात असेल तर जास्तच. दहावीनंतर आमच्या लेकीने मोरवाडीच्या आयटीआयचा फॉर्म आणला होता, मोटर मेकॅनिकचा. चाकणला मुली मोटारसायकली जोडतात हे तिने कुठेतरी वाचले होते आणि तिची माहिती बरोबर होती. आम्ही, मुलांना हाताच्या कामाचे महत्त्व शिकवणारे आम्ही, नाही म्हणालो. सायन्सला घातले. ती चांगले गुण मिळवते, तक्रार करत नाही. पण त्या खालांना गल्लीत जे उत्तर आम्ही दिले नाही, ते घरातही दिले नाही, हे आम्हाला मान्य करायला हवे. अब्बा त्या वेळी काही बोलले नाहीत. फक्त आपला रिंग पान्यांचा सेट, एकतीस वर्षांचा, तिच्या टेबलाखाली नेऊन ठेवला. तो तिथेच आहे.

जून २०२२ मध्ये चाचूंनी अकरा मुले घेऊन पहिली फेरी केली. त्या दिवसापासून व्हॅन चालू आहे. सुट्टीतही दर शुक्रवारी ती सुरू करून पंधरा मिनिटे गल्लीबाहेर फिरवून आणतात, म्हणजे तेल वर चढते आणि ब्रेक सुटे राहतात. पावसाळ्यात गाडी उभी करताना चाचू आता हँडब्रेक ओढत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला वीट लावतात. वीट लावायला अब्बा जातात.